मागचा बाक: पल्लीच्या कामाची वही, इंदूर

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण, म्हणजे नाताळ ऑफिशियली संपला. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाल्यावर आम्ही चौघींनी गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, आवरला, मेंढरं, मेंढपाळ, तीन राजे सगळे जुन्या पेपरात गुंडाळून खोक्यात घातले, एका उंटाचा पाय परत तुटलाय, दरवर्षी तोच उंट आणि तोच पाय. फेविक्विक आणायचं लक्षात ठेवणे.

२४ डिसेंबरच्या रात्री मंडपात उभं राहायला जागा नव्हती, लोक गेटपर्यंत होते, आणि आज आठच्या मिस्साला पुढचे चार बाक साफ रिकामे, मागचे दोन खचाखच, आणि त्यांच्याही मागे दाराशी काहीजण एक पाय आत एक पाय बाहेर, शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत बाइक चालू. फादरनी ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही पल्ली परिषदेच्या सचिव, या वर्षी एवढं एकच काम घ्या, लोकांना ॲक्टिव्ह करा. (फादर हिंदीतच बोलतात, मी माझ्या सोयीने मराठीत लिहितेय. पल्ली म्हणजे एका चर्चखाली येणारी सगळी कॅथलिक कुटुंबं.) कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही, हो म्हणून आले, ही माझी जुनी खोड.

म्हणून ही वही. नावं कुणाचीच लिहिणार नाही, चुकून कोणाच्या हाती लागली तर पल्लीत महाभारत व्हायचं.

पल्ली शब्दावरून आठवलं, वसईची मामेबहीण दरवेळी हसते, म्हणते पल्ली म्हणजे काय गं, पाल का? त्यांच्याकडे धर्मग्राम. आमचे बाबा वसईचे, रेल्वेत लागले, रतलामला बदली झाली, मग इंदूर, आणि आम्ही इथेच रुजलो. घरात प्रार्थना मराठीत, चर्चमध्ये हिंदीत, भांडण दोन्हीत.

१९ जानेवारी

परिषदेची मीटिंग. अकरापैकी सात हजर, आणि ते सात कोण हे मी मीटिंगच्या आधीच लिहून ठेवू शकले असते. कोणी म्हणालं मोबाईलने वाटोळं केलं, कोणी म्हणालं आजकाल श्रद्धाच राहिली नाही, एका काकांनी १९९० साली कसं होतं ते वीस मिनिटं सांगितलं. चहा, पारले-जी, परत १९९०.

फादरनी मात्र एक कामाची गोष्ट काढली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६३ चा उपासनेवरचा दस्तऐवज आहे, त्यात लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हवा असं स्पष्ट लिहिलंय, आणि तो लोकांचा बाप्तिस्म्याने मिळालेला हक्क आहे, फादरने केलेली मेहरबानी नाही. मग वाद सुरू, सक्रिय म्हणजे नक्की काय? मिस्सात बायबलचं वाचन करणं, गाणं म्हणणं, खुर्च्या उचलणं? की आपल्या जागी बसून मनापासून ऐकणं पण सक्रियच? मी म्हणलं दोन्ही, पण पहिलं मोजता येतं. नंतर घरी येताना वाटलं की हे मी शाळेतल्या इन्स्पेक्शनसारखं बोलले.

अजून एक गंमत कळली. चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या, प्रत्येक पल्लीत वित्त समिती असलीच पाहिजे असं आहे, आणि आमची परिषद मात्र बिशपना योग्य वाटलं तर, ती पण फक्त सल्ला द्यायला. म्हणजे पैशाची समिती सक्तीची आणि माणसांची ऐच्छिक. मी हे मोठ्याने बोलले तर खजिनदार हसले नाहीत.

ठरलं काय, तर वेदीवरून घोषणा करायची आणि एक फॉर्म छापायचा.

९ फेब्रुवारी

फॉर्मचा निकाल. मागच्या रविवारी मेणबत्त्यांच्या सणाला दाराशी टेबल लावलं होतं, पेनला दोरी बांधली होती, फॉर्मवर चौदा चौकोन, गायनमंडळ, वाचन, सजावट, आजाऱ्यांना भेट, युवा, साफसफाई, वगैरे वगैरे. दीडशे फॉर्म छापले. परत आले नऊ. नवातले सहा आम्हा परिषदवाल्यांच्या घरातलेच. एका फॉर्मवर सगळे चौकोन कोरे सोडून 'इतर' समोर लिहिलंय, पार्किंगचं काहीतरी करा.

दोन रविवार घोषणा झाली, इच्छुकांनी ऑफिसात संपर्क साधावा. घोषणेच्या वेळी मी मागे वळून लोकांचे चेहरे पाहिले, सगळे इतक्या श्रद्धेने ऐकत होते की प्रत्येकाला वाटत होतं हे शेजारच्याला सांगताहेत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उदयनगरला जाऊन आलो. धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) सिस्टर राणी मारियाला जाऊन आज बरोबर तीस वर्षं झाली. देवास जिल्ह्यात आदिवासींमध्ये काम करायची, सावकाराच्या कर्जातून लोकांना सोडवायची, जमिनीचे हक्क सांगायची, म्हणून १९९५ ला याच तारखेला बसच्या प्रवासात चाकूने भोसकून तिला मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच तिला धन्य घोषित केलं, त्या दिवशी मी स्वयंसेवक होते, पाण्याच्या पाउचची जबाबदारी होती, कार्यक्रम जवळजवळ दिसलाच नाही.

पण नोंदीची गोष्ट वेगळीच आहे. बससाठी आम्ही एक घोषणा पण नीट केली नव्हती, सिस्टरनी फक्त दहा-बारा घरी फोन केले होते, आणि पन्नास सीटची बस भरून वर आठजण उभे. त्यातले निम्मे चेहरे मी रविवारी कधी पाहिले नव्हते, किंवा पाहिले असतील पण मागच्या बाकावरचे म्हणून लक्षात नाहीत. एक नर्सताई नाइट ड्यूटी संपवून थेट बसमध्ये, डोळे लाल, पण उदयनगरला समाधीजवळ तासभर गुडघ्यावर. परत येताना कोणीतरी राणी मारियाच्या सख्ख्या बहिणीची गोष्ट काढली, ती पण सिस्टरच, तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, आणि बसमध्ये एकदम शांतता.

सिस्टरना विचारलं, तुम्ही फोनवर काय बोललात असं? म्हणाल्या, काही नाही, नाव घेऊन म्हणलं की तुमची सीट पकडून ठेवलीय.

हे लिहून ठेवते. दीडशे फॉर्म विरुद्ध दहा-बारा फोन.

५ मार्च, राखेचा बुधवार

चालीसा, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू. गर्दी प्रचंड. राख घ्यायला सगळे येतात, ही गोष्ट मला कधीच कळली नाही, तू माती आहेस हे ऐकायला लाईन लागते आणि पोहे-जलेबी खायला बोलावलं तर वेळ नसतो. (पोह्यांचं अजून झालेलं नाही, नुसता विचार डोक्यात आहे.)

१९ मार्च

आज संत योसेफाचा सण आणि रंगपंचमी एकाच दिवशी, म्हणजे इंदुरात गेर (रंगांची मिरवणूक), राजवाड्याला तोफेतून रंग, शहराला सुट्टी. संध्याकाळच्या मिस्साला आम्ही अकराजण, त्यातल्या तिघांचे कान अजून हिरवे. फादर पण हसले. कामगारांचा संत आहे तो, त्याला चालत असेल.

३० मार्च, रविवार

आज शुभवर्तमानात उधळ्या मुलाची गोष्ट, धाकटा सगळं उडवून घरी परत येतो, बाप मेजवानी देतो आणि मोठा भाऊ रुसतो. आणि आज दुपारपासून घरभेटी सुरू केल्या, हा योग मी जुळवलेला नाही, तसाच आला.

आधी भेटीबद्दल. रजिस्टरमधली जी कुटुंबं वर्षभरात दिसलीच नाहीत त्यांची यादी काढली, मी, युवा गटातली एक मुलगी आणि सिस्टर, तिघी ॲक्टिवावर आणि एका रिक्षात. पहिलंच घर परदेशीपुऱ्याच्या पुढे, घरधनी गॅरेजमध्ये मेकॅनिक. चहा आला, पाणी आलं, सगळं छान, पण चर्चचा विषय काढला की तो जमिनीकडे बघायचा. शेवटी बायकोने कपाटातून फॅमिली कार्ड काढून आणलं. ते कार्ड, ज्यावर महिन्याची वर्गणी भरली की शिक्का मारतात. मार्च २०२० पर्यंत शिक्के, पुढे कोरं. लॉकडाऊनमध्ये गॅरेज बंद, मग कर्ज, मग जसजसे कोरे चौकोन वाढले तसतसं यायची लाज वाढत गेली, मुलीचं पहिलं कम्युनियन (पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) दोन वर्षं लांबलं कारण यांना वाटलं ऑफिसात आधी सगळी थकबाकी मागतील. कोणी मागितली होती का? नाही. कोणी सांगितलं होतं का की मागणार नाही? ते पण नाही.

संध्याकाळी फादरना सांगितलं तर ते गप्पच बसले थोडा वेळ. मग कायद्याचं पुस्तक काढलं, त्यात दोन्ही गोष्टी आहेत, विश्वासूंनी चर्चच्या गरजांना हातभार लावावा हे पण आहे आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहू नये याची काळजी घ्यावी हे पण आहे. पहिली गोष्ट आम्ही कार्डावर छापली आणि दुसरी कुठेच छापली नाही. फादरनी मला पेन दिलं, म्हणाले कार्डावर २०२० च्या खाली एक आडवी रेघ मारा आणि लिहा, आजपासून पुढे. अशी अजून किती कार्डं कपाटात पडली असतील देव जाणे.

आता दुसरं घर, ते लिहायला मला जड जातंय पण लिहिते. तिथे एक बाई राहते, झारखंडची, नवरा बँकेत गार्ड, ती एका शाळेत आया. हसून बोलली, मुलांना पुढे आणून नमस्ते करायला लावलं, आणि निघताना दारात अगदी सहज म्हणाली, मॅडम, मी दोन वर्षांपूर्वी वाचनासाठी नाव दिलं होतं, तुम्ही म्हणाला होतात कळवते.

मला आठवलं. खरंच आठवलं. चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली होती. आणि कळवलं का नाही तर, तिचे उच्चार जरा वेगळे आहेत, तिकडचे, आणि आपली यादी आधीच भरलेली होती म्हणून. यादी कशी भरलेली, तर पहिला रविवार मी, दुसरा खजिनदारांची बायको, तिसरा गायनमंडळाच्या मॅडम, चौथा परत मी. अकरा वर्षं.

सकाळच्या गोष्टीत सगळे धाकट्याबद्दल बोलतात. मी आज घरी येऊन मोठ्या भावाबद्दल परत वाचलं. तो शेतात असतो, बापाचं सगळं काम करतो, एक दिवस पण सुट्टी नाही, आणि घरात गाणं वाजलं की दाराबाहेर उभा राहतो, आत जात नाही. आम्ही परिषदवाले.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून आज फादर बाराजणांचे पाय धुतात, ती बारा माणसं निवडायची होती. दरवर्षी बारा ज्येष्ठ पुरुष, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखं कापलेली, पाय घरूनच दोनदा धुतलेले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्येच नियम बदलून स्त्रियांना पण घेता येईल असं केलं, आमच्याकडे ती बातमी पोचायला नऊ वर्षं लागली. या वेळी यादी मी आणि सिस्टरनी केली. गॅरेजवाला, त्याची मुलगी, नाइट ड्यूटीवाली नर्सताई, गेटवरचा वॉचमन, ज्यांच्या घरी नव्वदीची अंथरुणाला खिळलेली आई आहे ते काका (चार वर्षं ते मिस्साला पाच मिनिटं येऊन पळतात, सगळे नावं ठेवायचे, कारण आत्ता कळलं), एक कॉलेजचा मुलगा जो कोणालाच आवडत नाही, असे बारा.

एका काकांनी विचारलं, यातले किती नियमित येतात? मी म्हणलं आज बाराच्या बारा आलेत.

गॅरेजवाल्याच्या टाचांच्या भेगांत ग्रीस होतं, कितीही घासलं तरी जात नाही ते. फादरनी पाणी जरा जास्त घातलं आणि टॉवेल काळा झाला.

२१ एप्रिल

पास्काचा (ईस्टरचा) दुसरा दिवस, दुपारी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. काल तर बाल्कनीतून आशीर्वाद दिला होता. संध्याकाळी घंटा वाजवली, कोणाला निरोप नव्हता तरी लोक आले, मागच्या बाकावरचे पण. काही लिहावंसं वाटत नाही.

मे

महिनाभर काहीही नाही. ऊन, लग्नं, अर्धी पल्ली गावाला, केरळवाले केरळला, झारखंडवाले झारखंडला, आणि मी दहा दिवस वसईला, तिथे आमच्या मावशीच्या चर्चमध्ये बघितलं तर प्रत्येक आळीचा वार ठरलेला, कोणाला विचारायची गरजच नाही, आजी झाडायची म्हणून आई झाडते म्हणून मुलगी झाडते. ते इथे कॉपी होणार नाही. इथे कोणीच कोणाच्या शेजारी राहत नाही, एक विजय नगरला, एक राऊला, एक बायपासच्या पलीकडे नव्या टाउनशिपमध्ये. आळीच नाही तर आळीचा वार कुठून.

८ जून, पेन्टेकोस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण)

आज नवी पद्धत सुरू. नियम तीनच ठेवलेत, आणि ते मीटिंगमध्ये नाही, सिस्टर आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरवले. वेदीवरून घोषणा बंद. ज्याला विचारायचं त्याला नाव घेऊन, समोर उभं राहून, एकच ठराविक काम सांगून विचारायचं. आणि प्रत्येक कामाला शेवट असेल, तीन महिने, मग सुट्टी, परत घ्यायचं तर परत विचारू. हे तिसरं सगळ्यात चाललं, कारण लोक कामाला घाबरत नाहीत, काम गळ्यात पडून राहील याला घाबरतात, गायनमंडळात एकदा गेलं की मेल्याशिवाय सुटका नाही अशी आमची ख्याती आहे.

वाचनाच्या यादीतून मी माझं नाव काढलं. दोन्ही रविवार. खजिनदारांच्या बायकोने मला विचारलं तब्येत ठीक आहे ना. झारखंडवाल्या ताईंकडे मी स्वतः गेले, चिठ्ठी हरवली म्हणून नाही सांगितलं, जे होतं ते सांगितलं, त्या म्हणाल्या आता नको मॅडम, आता भीती वाटते. बरोबरच आहे. दोन वर्षांपूर्वी हिंमत करून आल्या होत्या, ती हिंमत मी पर्समध्ये ठेवून घालवली.

मग पोहे. शेवटी सुरू झाले, महिन्यातून एक रविवार, मिस्सानंतर अंगणात. सहा किलो पोहे, चाळणीत धुवायचे, भिजवायचे नाहीत (पहिल्यांदा भिजवले, लगदा झाला, त्याचा उपमा म्हणून खपवला), मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून वरती वाफेवर, मग कांदा, शेव, जीरावन मसाला, लिंबू. जलेबी बाहेरून. प्लेटा स्टीलच्या, प्लॅस्टिक आणलं तर इंदुरात कचरागाडीवाला भिया आपल्यालाच ओरडेल, ओला वेगळा सुका वेगळा सगळं नीट. प्लेटा धुवायला गॅरेजवाला आणि तो कोणालाच न आवडणारा कॉलेजचा मुलगा. दोघांचं जमलं, बाइकवर बोलत होते, तास झाला तरी नळ चालूच.

बाइक चालू करून पळणारे पण थांबले. जलेबीसमोर कोण पळतं.

२० जुलै

आज भांडण. पोहेवाल्या चौघीजणी प्रवचन चालू असताना मागे कांदा चिरत होत्या, त्याचा वास आत आला, आणि एका काकूंनी सगळ्यांसमोर ऐकवलं की चर्चचं हॉटेल केलंय. बरं, आज शुभवर्तमान कोणतं, तर मार्था आणि मारिया, एक स्वयंपाकघरात राबतेय आणि एक पायाशी बसून ऐकतेय. काकूंनी तेच वापरलं, मारियाने चांगला भाग निवडला म्हणून. कांदा चिरणारी एक म्हणाली, काकू, मग उद्यापासून तुम्हाला मारियाच्या हातचे पोहे.

मी दोघींच्या मध्ये उभी आणि मला कळेना कोणाची बाजू घेऊ, कारण काकू पूर्ण चूक नव्हत्या. आम्ही माणसं जोडायच्या नादात चौघींना मिस्सातून उठवून मागे बसवलं होतं. त्यांचा आकडा माझ्या वहीत सक्रिय म्हणून आणि त्यांनी प्रवचन ऐकलंच नव्हतं. आता कांदा शनिवारी संध्याकाळी घरी चिरून आणायचा, डब्यात, वास आला तरी चालेल. काकूंना शनिवारच्या कांद्याचं विचारलं. नाव घेऊन. त्या हो म्हणाल्या, मला वाटतं त्यांना कोणी वर्षानुवर्षं काही विचारलंच नव्हतं.

१७ ऑगस्ट

छोटे समुदाय. शहराचे सात भाग केले, प्रत्येक भागात महिन्यातून एकदा एकाच्या घरी बसायचं. पद्धत सात पायऱ्यांची, दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आलेली, आशियात पण खूप ठिकाणी चालते. प्रभूला बोलवायचं, उतारा वाचायचा, जो शब्द मनात राहिला तो मोठ्याने म्हणायचा, मग गप्प बसायचं, मग एकमेकांना सांगायचं, सहावी पायरी म्हणजे आता आपण काय करायचं, आणि शेवटी प्रार्थना. आमच्याकडे गप्प बसायची पायरी कोणालाच जमत नाही, अर्ध्या मिनिटात कोणीतरी खोकतो. आणि सहावी पायरी आली की यजमानीण समोसे घेऊन येते.

आमच्या भागात मात्र एकदा सहावी झाली. नव्वदीच्या आजींचा मुलगा, तेच पाच मिनिटांवाले काका, त्यांच्या घरी बसलो होतो, उतारा संपला आणि नर्सताई म्हणाली, काका, रविवारी साडेसात ते साडेनऊ आईजवळ मी बसते, महिन्यातले दोन रविवार, मी रात्री मिस्सा करीन. बाकी दोन रविवार कोण? कॉलेजच्या मुलाने हात वर केला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तर तो म्हणाला, माझी आजी मीच सांभाळली होती.

आजींना मराठी येतं, त्या मूळ नगरच्या. मी 'नमो मारिया' सुरू केली तर डोळे मिटूनच पुढचं पूर्ण म्हणाल्या.

६ सप्टेंबर, शनिवार

मरियेच्या जन्माची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) चालू आहे आणि आज अनंत चतुर्दशी, म्हणजे झांक्यांची, मिरवणुकीतल्या सजवलेल्या चित्ररथांची रात्र, रस्ते बंद, नोव्हेनाला सहाजण. मी पण लवकर निघून मुलासोबत झांकी बघायला गेले, का खोटं बोलू.

तिथे गर्दीत उभी असताना डोक्यात हेच. हुकुमचंद मिल बंद होऊन तीस वर्षांच्या वर झाली, बाकीच्या पण बंद, पगार नाही, भोंगा नाही, तरी मिलच्या नावाने झांकी निघते, मजुरांची मुलं नि नातवंडं महिना-महिना राबतात, लाईट लावतात, पुतळे हलवतात. मिलच उरली नाही आणि मेंबर ॲक्टिव्ह. आमचं चर्च तर रोज उघडतं. शेजारी एक म्हातारेबुवा होते, त्यांना विचारलं बाबा अजून का करता, तर म्हणाले, ते मागचं चक्र फिरतंय ना, ते माझ्या बापाने बसवलं होतं, दुसऱ्याला जमत नाही ते.

५ ऑक्टोबर

हिशोब, कारण फादरनी विचारलाय. तीन महिन्यांची पहिली तुकडी सप्टेंबरमध्ये संपली. अठ्ठावीसजणांना विचारलं होतं, एकवीस हो म्हणाले, त्यातले पाच मध्येच सुटले, एक भांडून, एक बदलीने, तिघे असेच. सोळा टिकले. त्यातल्या अकरांनी परत घेतलं. पाचजण म्हणाले बास, आणि आम्ही खरंच बास म्हणून सोडलं, थँक्यू म्हणलं, मागे लागलो नाही. मिस्साला गर्दी वाढली का? थोडी, फार नाही. पुढचे चार बाक अजून रिकामेच. पुढच्या बाकांचं मी सोडून दिलंय, इंदुरात पुढे बसायला लग्नातसुद्धा कोणी तयार नसतं.

वर्गणी वाढली का, हे खजिनदारांनी विचारलं. कार्डवर रेघ मारून घेणारी नऊ कुटुंबं आली, त्यातली सहा आता जमेल तेवढं देतात. खजिनदार म्हणाले, बुडीत खात्यातून काहीतरी निघालं. माणूस वाईट नाही, भाषा तशी आहे.

न जमलेलं पण लिहिते. युवा गट जिथे होता तिथेच. कोचिंग क्लासवाल्या मुलांना रविवारीच टेस्ट असते, भंवरकुआंला हजारो मुलं बाहेरगावची राहतात, त्यात आपली किती कोणाला माहीत नाही, रजिस्टरमध्ये ती नाहीतच. दोनदा प्रयत्न केला, दोनदा एकटीच बसून आले. जानेवारीत परत.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री गोठ्याचं खोकं काढलं, उंटाला फेविक्विक लावलं, या वेळी लक्षात ठेवून. पाय जरा वाकडा बसलाय.

आज झारखंडवाल्या ताईंचं पहिलं वाचन. जूनमध्ये नाही म्हणाल्या होत्या, मी मागे लागले नाही, पण त्या शनिवारच्या कांद्याला यायला लागल्या, काकूंच्या शेजारी बसून, आणि काकूंनीच त्यांच्याकडून महिनाभर वाचून घेतलं, कांदा चिरता चिरता, दोघींच्या डोळ्यांतून पाणी. मला हे परवा कळलं. मला कोणी विचारलं पण नाही, आणि खरं सांगायचं तर थोडं लागलं.

मी उशिरा पोचले, पातेलं उतरवायला हात लावला होता, म्हणून मागच्या बाकावर जागा मिळाली, कॉलेजच्या मुलाशेजारी. आजचं दुसरं वाचन थेसलनीकाकरांना, दुसरं पत्र. ताई ॲम्बोवर (वाचनाच्या स्टँडवर) गेल्या, माईक खाली केला, आणि थेसलनीकियों या शब्दावर अडकल्या. एकदा, दोनदा. अकरा वर्षांत मी स्वतः तो शब्द कधी धड म्हणलाय का देव जाणे, पण माझी जीभ जागच्या जागी हलली, पुढचं अक्षर सांगायला. तिसऱ्यांदा त्यांनी तो तुकडे करून म्हणला, थे-सल-नी-कियों, आणि स्वतःच जरा हसल्या, आणि मग पुढे धडधडीत, त्यांच्या त्याच तिकडच्या उच्चारात. ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊ पण नये, हे वाक्य आलं तेव्हा दाराशी उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी खुसखुसलं, कारण पोह्यांची वाफ आत येत होती.

मिस्सानंतर अंगणात युवा गटातली ती मुलगी वही घेऊन फिरत होती, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझं नाव घेऊन म्हणाली, मॅडम, डिसेंबर ते फेब्रुवारी शनिवारच्या कांद्याला एकजण कमी आहे, तीनच महिने, लिहू का तुमचं?

लिही म्हणलं.